लाकूड बोलेनासं झालं

फर्निचरच्या त्या कारखान्यात मालकापेक्षा मावशींच्या बोटांचा दरारा जास्त. तयार झालेला प्रत्येक टेबलटॉप आधी त्यांच्यापुढे यायचा. मावशी डोळे मिटून त्यावर बोटं फिरवायच्या आणि मध्येच थांबायच्या. "इथे बोलतंय." म्हणजे तिथे खरखरीत आहे, पुन्हा घासा. मिस्त्री निमूट पॉलिश पेपर उचलायचे. घरात बायकोला उलट उत्तर दिल्याशिवाय घास न गिळणारा हा माणूस इथे इतका आज्ञाधारक कसा, या विषयावर पॅकिंगच्या बायकांनी कितीतरी दुपारी सत्कारणी लावल्या होत्या.

पण दोन महिन्यांपासून लाकूड बोलेनासं झालं होतं. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. एका सकाळी मावशी तापलेला तवा नुसत्या हाताने धरून उभ्या. सून किंचाळली, "अहो आई, सोडा तो!" तेव्हा कुठे त्यांना कळलं. फोड मुठीत लपवून त्या कामावर गेल्या. बोटंच नाहीत म्हटल्यावर तिथे त्यांना विचारणार कोण?

मग सुरू झाला अंदाजपंचे कारभार. सारखंच "गप्प आहे" म्हटलं तर संशय येईल, म्हणून मधूनच "इथे बोलतंय." म्हणायच्या. मिस्त्री गुळगुळीत जागाही इमानदारीत घासायचे. शेवटी एका टेबलावरचं कागदाएवढं पातळ विनिअर घासून गेलं आणि खालचं प्लायवूड उघडं पडलं.

मालकाने सगळ्यांसमोर मिस्त्रींना झापलं. मिस्त्रींनी मावशींचं नावही घेतलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मावशी त्यांच्यापाशी गेल्या. "बोटं मेलीत माझी. उगाच घासायला लावत होते तुम्हाला."

"आणि मला वाटलं, माझेच डोळे गेले! मावशी म्हणतात म्हणजे असणारच." मिस्त्रींनी विचारलं, "सगळीच मेलीत?"

"बघायचा धीर होत नाही."

"मिटा डोळे."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून टोक अंगठ्यावर टेकवलं. "लागलं?"

"नाही."

तर्जनी. नाही. मधलं बोट. नाही. पॅकिंगच्या बायका दारात दाटल्या होत्या, पण आज कुणी खुसखुसत नव्हतं. अनामिकेवर मिस्त्रींनी चांगलंच दाबलं. नाही. मावशींच्या कपाळावर घाम डवरला. उरली एकटी करंगळी.

"लागलं!" मावशी ओरडल्या. "लागलं हो! करंगळी ना?"

पेन्सिल करंगळीपासून अजून वीतभर दूर होती.

"हो," मिस्त्री म्हणाले. "करंगळीच."