पाहुण्यांचे दोन शब्द

त्यांचं नाव मला तेव्हाही नीट ऐकू आलं नव्हतं, आणि आता शोधायची इच्छा नाही. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती आणि ते उद्घाटनाला आलेले पाहुणे. सत्काराची शाल त्यांनी काढलीच नाही. ती घसरली की खांद्यावर ओढायचे आणि म्हणायचे, "थोडक्यात सांगतो."

अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांचं महत्त्व ते सांगत होते. त्यांना नाटकात मिळालेलं बक्षीस सांगून झालं, ट्रेकिंग झालं, मग मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली आमची पिढी झाली. "मुलांनी बोललं पाहिजे!" म्हणत टेबलावर हात आपटला की पुढच्या रांगेतले सर टाळ्या वाजवायचे. मी आईची साडी नेसून विंगेत उभी. शेवटच्या रांगेत पप्पा बसलेले. कोपरीच्या स्टँडला रिक्षा लावून, धंदा सोडून ते पहिल्यांदाच मला ऐकायला आलेले.

दुपारी हॉल परीक्षेसाठी हवा होता. पाहुण्यांचं भाषण संपलं तेव्हा शिपाई बाकं घेऊन दारातच उभे होते. स्पर्धा रद्द झाली. प्रमाणपत्रं मात्र सगळ्यांना वाटली.

पप्पांबरोबर उतरताना जिन्यात पाहुणे भेटले. काखेत नारळ, खांद्यावर तीच शाल.

"काय बाळ, घेतेस ना भाग अशा स्पर्धांत?"

"आत्ताच घेतला, सर."

"शाब्बास!" मग पप्पांकडे वळून त्यांनी बोट उगारलं. "पोरीला बोलू द्या हां. अडवू नका."

पप्पांनी हात जोडले. "नाही सर, नाही अडवणार."