लक्ष्मीचं दार

"पालात जन्मलेली तू. पालाला दार असतं का गं? आणि मला दाराचं शिकवतेस?"

मालक एवढं बोलले आणि सुपरवायझर हसला. मग बाकीचेही हसले. शिरवळजवळच्या त्या कारखान्यात आम्ही बायका पुठ्ठ्याची खोकी बांधायचो. मी एवढंच म्हटलं होतं की हॉलचं दार आत उघडतं, ते बाहेर उघडेल असं करा. सुट्टी झाली की सगळ्या एकदम दाराशी जातात. पुढचीला दार ओढायलासुद्धा जागा उरत नाही. साताऱ्याच्या थेटरात मी पाहिलं होतं, खेळ सुटला की माणसं खांद्यानं दार ढकलून मोकळी होतात. घराचं दार आत उघडतं ते ठीक. घरात माणसं चार, आलेल्याला या म्हणायचं असतं. गर्दीच्या जागेचं तसं नाही.

मालकांचं म्हणणं वेगळंच. दार आत उघडलं की लक्ष्मी आत येते, बाहेर उघडलं की निघून जाते. दसऱ्याला त्या दाराला झेंडूचं तोरण, उंबऱ्याशी नारळ. नारळ फोडताना आम्हा कापडाच्या पालात राहणाऱ्या भटक्या बायकांना मागं उभं करायचे.

उन्हाळ्यात एका दुपारी पुठ्ठ्यानं पेट घेतला. सगळ्या दाराकडे धावलो. पुढं हिरा. पालावरची माझी शेजारीण, मला अक्का म्हणायची. कडी तिच्या हातात होती, पण तिच्या पाठीवर आम्ही सगळ्या होतो.

"अक्के, मागं सरा गं! दार उघडंना!"

मागं आग. मागं कोण सरणार? बाहेरून लोकांनी पहारीनं दार फोडलं तेव्हा आम्ही सुटलो. हिरा दाराशीच चेंगरून मेली.

अजून झोपेत ती कडी वाजते. माझ्या छातीला तिची पाठ लागते, गरम, आणि मी ओरडत उठते. मी तिला ढकलत होते. आम्ही सगळ्याच ढकलत होतो. कुणाच्याही घरी गेले तरी आधी दार हलवून बघते, आत का बाहेर. लोक म्हणतात, हिला लागिर झालंय. झालंयच.

चौकशीला सरकारी साहेब येणार म्हणून सुपरवायझरनं आम्हाला ओळीनं बसवलं. "म्हणायचं, बायकांनीच गोंधळ घातला. खाल्ल्या मिठाला जागा." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

साहेब आले. मालक शेजारच्या खुर्चीत. हॉलला नवं दार बसवलं होतं. तेही आत उघडणारं, वर कुंकवाचं ताजं स्वस्तिक. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. हिरा मेली तिथंच पुन्हा लक्ष्मीची वाट!

"साहेब, गोंधळ न्हाई घातला आमी. जळाय लागल्यावर माणूस पळतंयच. दार आत उघडत हुतं, म्हणून पोरगी मेली. मी मालकांना आदीच सांगितलं हुतं."

"गप बस!" मालक ओरडले.

"न्हाई बसत. पालाला दार नसतंय, खरं हाय. पाल पेटलं तर माणूस कुठनंबी भाईर पडतंय. तुमच्या कारखान्यात मेलं."

दुसऱ्या दिवशी मला गेटवरच अडवलं. काम गेलं. हिराची आई विचारते, "बोलून काय घावलं गं तुला?" काही नाही. हिरा गेली ती गेली. दार तसंच आहे आणि त्याच्या आत बायका आहेत.

कामाची पाळी सुरू व्हायच्या वेळी मी रोज गेटसमोर उभी राहते. येणाऱ्या प्रत्येक बाईला हिरा कशी मेली ते सांगते. वॉचमन हाकलतो. मी रस्त्याच्या पलीकडं जाते आणि तिथून मोठ्यानं सांगते. ते दार बाहेर उघडल्याशिवाय मी इथून हलणार नाही.