काका, जरा हात लावता का?

वाळूजच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ट्रेनी म्हणून लागले. पहिलंच काम मिळालं ते डिस्पॅचमधल्या लोकांना ओझं कसं उचलायचं ते शिकवायचं. चारचौघांत मला खोकायलाही संकोच वाटतो, त्यात माझं मराठी इंग्रजी शाळेत वाढलेलं. "गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा, वजन अंगाजवळ धरा," असं मी समोरच्या भिंतीला सांगितलं.

"मॅडम, ह्या तर उठाबशा झाल्या. गुन्हा काय आमचा?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळे हसले. पाचोडचे एक काका तेवढे हसले नाहीत, कारण हसलं तरी त्यांची कंबर दुखायची. खोका उचलतानाच ती धरली होती आणि ते नुकतेच कामावर परतले होते. पुन्हा धरली तर हे काम कायमचं सुटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जड खोका दोघांनी उचलायचा हा नियम होताच. पण गावच्या बाजारात भरलं पोतं एकट्यानं पाठीवर घेतलेला माणूस. कुणाला बोलावणं त्यांना जमेना. मला ते कळायचं. कँटीनमध्ये मीठ मागण्यापेक्षा मी अळणी भाजी खाते.

प्रात्यक्षिकाचा खोका मलाच उचलायचा होता. मी अगदी नियमानं वाकले. खोका जागचा हलेना. लोक बघत होते. शेवटी शेजारी उभ्या काकांना म्हणाले, "काका, जरा हात लावता का?"

वाक्य संपायच्या आत ते समोर हजर. "व्हय की! आधी नाय का सांगायचं?"

मदत मागायला लाजणारा माणूस मदतीला मात्र नाही म्हणत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. मग त्यांच्यासोबत खोके उचलणाऱ्या जोडीदाराला हळूच सांगितलं, "तुमच्या खोक्याला तुम्हीच त्यांना बोलवा." एक खोका दोघांनी उचलला की पुढचा, काकांचा, आपोआप दोघांचा व्हायचा. लवकरच डबा उघडायलाही काकांना हाका सुरू झाल्या.

"लई लाड झाले तुझे," काका म्हणायचे आणि झाकण काढून द्यायचे.

एका दुपारी जोडीदार रजेवर होता. काका जड खोक्यापाशी वाकले, थांबले, पुन्हा सरळ झाले. इकडंतिकडं पाहिलं. मग खोक्याकडेच बघत ओरडले, "ए, ह्याला कुणी वाली हाये का नाय? या की!"

जवळ मीच होते. गेले. माझी बाजू जरा खालीच राहिली, तशी काकांनी गुडघ्यात वाकून आपलीही तेवढीच खाली घेतली.