दोन हातांचा रामराम

ज्याला आपल्या जीपची धडक बसली त्यालाच घरी नेऊन, पाटावर बसवून, टॉवेल-टोपीचा आहेर करणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो देवानं नेमका माझा व्याही करून ठेवला. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. लोह्याच्या पुढं, लातूर रस्त्यावरच्या एका खेड्यात माझी मुलगी दिली आहे, तिचे सासरे म्हणजे हे इवाई. अंगानं उंच, डोक्याला पांढरा रुमाल, आणि आवाज असा की शेजारच्या शिवारातली ढोरं मान वर करून बघतील. मी नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकुनी करून रिटायर झालेला माणूस. रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघतो, मग पुन्हा एकदा बघतो, आणि बऱ्याचदा ओलांडायचं रहित करून घरी येतो. असल्या माणसाला असला इवाई मिळावा, याला काय म्हणावं? मी तर त्यांच्याकडं आजही तोंड उघडं ठेवूनच बघतो.

ते मुलगी बघायला आले तेव्हा आमच्या फाटकाचा खांब नुकताच बांधून झाला होता. जीप गल्लीत शिरली. मी हात जोडून उभा. त्यांनीही आतून दोन्ही हात जोडले, आणि जीप तशीच पुढं येऊन खांबाला भिडली. खांब आडवा! दुसरा कुणी असता तर मेल्याहून मेल्यासारखा झाला असता. हे खाली उतरले, खांबाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "झालं बगा इवाई! आता सोयरीक मोडायची सोयच न्हाई राहिली." पोरगी अजून पोहे घेऊन बाहेर आली नव्हती आणि मी इवाई होऊनही बसलो होतो. खांब त्यांनी आपल्या गावच्या गवंड्याकडून बांधून दिला. तो आधीच्यापेक्षा चांगला झाला, आणि खरं सांगायचं तर मुलीचा संसारही चांगलाच झाला.

या धडकांचं मूळ त्यांच्या रामरामात होतं. एका हातानं रामराम घालणं त्यांना मंजूर नाही. "एका हातानं माशी हाकलायची असती," ते म्हणतात, "माणसाला दोन हात लागतेत." आणि ज्याला रामराम घालायचा नाही असा माणूस त्यांच्या रस्त्यावर भेटत नाही. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत कुणी बांधावर उभा असो, टपरीवर बसलेला असो, म्हशीमागं चाललेला असो, त्याची नजर वर झाली की इवायांनी स्टिअरिंग सोडलंच म्हणून समजा. तेवढ्या वेळात जीप आपली आपण चालायची. हॉर्न त्यांना शिवीसारखा वाटतो. "म्हाताऱ्या माणसाच्या मागं जाऊन पों पों करायचं? हाड मनल्यावानी?" म्हणून पुढं बैलगाडी असली की हे बैलांच्या चालीनं मागं मागं. शेजारी बसलेला मी मात्र घाट उतरणाऱ्या यष्टीत बसल्यासारखा समोरचा दांडा धरून.

धडक बसली की इवाई जीप बंद करून खाली उतरतात, आणि समोरच्यानं शिवी द्यायला तोंड उघडायच्या आत विचारतात, "गाव कोनतं?" मग आडनाव. मग मामाचं गाव. मग बायकोचं माहेर, साडूचं गाव, आत्या कुठं दिली... कुठंतरी धागा लागतोच, कारण लागेपर्यंत हे थांबतच नाहीत. "मनजे तुमी आमचे पाव्हणेच की हो!" म्हणून त्याला मिठी मारतात, चहाला नेतात, चेपलेलं सरळ करून देतात, आणि पुढच्या सणाला घरी बोलावून टॉवेल-टोपी करतात. नायगावचा एक सोनार, नव्या कारचं दार चेपलं म्हणून पोलिसात जायला निघाला होता. माझ्या नातवाच्या बारशाला तोच सोनार कमरेला टॉवेल गुंडाळून पंगतीत जिलेबी वाढत होता आणि मला आग्रह करत होता, "घ्या हो इवाई, एवढ्यानं काय होतंय!" मी त्याचा इवाई कधी झालो, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

पण एक धडक तशी झाली नाही. अर्धापूरकडचा एक माणूस मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी केळीचे घड बांधून चालला होता. इवाई पलीकडच्या मळ्यातल्या कुणाला तरी रामराम घालत होते. जीप रस्ता सोडून उलट्या बाजूला गेली आणि तो माणूस घडांसकट नाल्यात. पाय मोडला. इवायांनी त्याला उचलून जीपमध्ये घातलं, नांदेडच्या दवाखान्यात आणलं आणि डॉक्टरला सरळ सांगितलं, "माज्या जीपनं पाडलंय. आता हा माजा माणूस हाय." तो दवाखान्यात होता तोवर इवाई आमच्या घरी राहिले आणि त्याचा डबा रोज स्वतः घेऊन गेले. एका संध्याकाळी रिकामा डबा ओट्यावर ठेवून ते लहान पोरासारखे रडले. म्हणाले, "हात माजे जोडले इवाई, आन् पाय त्याचा मोडला." त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून रामराम घालायचा तर ते आधी जीप पूर्ण थांबवायला लागले, आणि तासाभराचा रस्ता अर्ध्या दिवसाचा झाला.

मी त्यांना तेव्हाच म्हणालो होतो, विमा कंपनीला कळवा. ते म्हणाले, "घरातल्या माणसाचं काय कळवायलाव?" विषय संपला. पण त्या केळीवाल्या पाव्हण्याचा पाय पहिल्यासारखा होईना. घड उचलणं बंद झालं. तेव्हा इवाई त्याच्या घरी गेले आणि म्हणाले, माझ्यावर दावा लाव. हो, स्वतःवरच! "इतके साल कंपनीला हप्ते भरलो, ते काय फजूल?" तो बिचारा नको नको म्हणत राहिला, तर हे त्याच्यावर तापले, "दावा लावतो का न्हाई? का मी बोलनं बंद करू?" मग दर तारखेला हेच त्याला जीपमधून कोर्टात न्यायचे. दोघं वाटेत भजी खायचे, आणि आत गेले की एक या बाजूला, एक त्या बाजूला. कोर्टानं पाव्हण्याला पैसे मंजूर केले. कंपनीनं दिले. त्यातून त्यानं गावात किराणा दुकान टाकलं, आणि पहिलं गिऱ्हाईक अर्थातच आमचे इवाई.

पुढं कंपनीची नोटीस आली. अपघात तुम्ही आम्हाला कळवलाच नाही, अट मोडली, कोर्टानंही आम्हाला तशी मुभा दिली आहे, तेव्हा आम्ही दिलेले सगळे पैसे आता तुम्ही आम्हाला द्या. रक्कम अशी की जीप विकावी तेव्हाच जुळावी. इवाई कागद उलटसुलट करून म्हणाले, "लातूरचे हायेत. चला, भेटून येऊ."

लातूरच्या ऑफिसातला साहेब तरणा होता, गळ्यात टाय, बोलायला गोड. त्यानं विचारलं, "काका, अपघात कळवला का नाही?"

"कळवला की," इवाई म्हणाले.

"कुणाला?"

"त्याच्या बायकोला, आईला, भावकीला. आमच्या घरी. ह्या इवायांना. आनखी कुनाला कळवायचं असतंय?"

"कंपनीला, काका."

इवाई खरोखर ओशाळले. "तुमी कदी घरी आलाव न्हाई, जेवलाव न्हाई. तुमची यादच आली न्हाई साहेब. चुकलंच माजं."

साहेबाला हसू आवरेना. मग त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि हळू आवाजात सांगितलं, यातून एक वाट आहे. तुम्ही एवढं लिहून द्या की मोटारसायकल उलट्या बाजूनं आली, आणि हा माणूस माझ्या ओळखीचा नाही, त्याच्याशी माझा संबंध नाही, नाहीतर तुमचं दोघांचं संगनमत होतं असं वरचं कोर्ट म्हणेल. मग आम्ही वरच्या कोर्टात जाऊ. पैसे तुमच्याकडं मागणार नाही, त्याच्याकडून परत घेऊ. तुमची जीप वाचेल.

माझा जीव भांड्यात पडला. मी टेबलाखालून इवायांचा गुडघा दाबला. म्हटलं, "इवाई, करा सही. कागदापुरतंच आहे."

इवायांनी माझा हात गुडघ्यावरून हळूच बाजूला केला. मग म्हणाले, "उलट्या बाजूनं तो न्हाई आला साहेब, मी आलतो. आन् वळख न्हाई मनून कसं लिहू? त्याच्या पोरीच्या लग्नात मामा मनून मी उभा राहिलो तिच्या मागं. उद्या पोरगी इचारंल, मामा, आमी कोन तुमचे? काय सांगू मी तिला? कागदापुरतं न्हाई मनलो होतो, असं सांगू?" आणि उठताना म्हणाले, "त्याचं दुकान ऱ्हाऊ द्या. जीप घ्या."

साहेबाचं तोंड एवढंसं झालं. मी मान खाली घालून इवायांच्या मागं निघालो. दारात पोचल्यावर इवाई वळले आणि विचारलं, "साहेब, मामाचं गाव कोनतं तुमच्या?"

"उदगीर," साहेब बोलून गेला.

"उदगीर! कोनत्या गल्लीत?" झालं! आमचं चहापाणी तिथंच झालं. कंपनीनं रकमेत काही सूट दिली नाही, पण साहेब आम्हाला खाली जीपपर्यंत सोडायला आला आणि जीपला हात लावून उभा राहिला. येताना वाटेत मी समोरचा दांडा धरायचंही विसरलो. आयुष्यभर मी सह्या करत आलो, आणि सही न करणारा माणूस मी पहिल्यांदा एवढ्या जवळून बघत होतो.

जीप देगलूरच्या एकानं विकत नेली. पाव्हण्याला कळलं तेव्हा तो दुकान विकतो म्हणून धावत आला, तर इवाई त्याच्यावर असे ओरडले की घरातली सगळी बाहेर आली. जीप अंगणातून निघाली तेव्हा त्यांनी तिला दोन्ही हात जोडून रामराम घातला. मुलगी सांगते, आजही ते सकाळी जीपची जागा स्वतः झाडतात आणि तिथं कुणाला काही ठेवू देत नाहीत. मला एकदा म्हणाले, "तिचा आवाज न्हाई तर लई सुनं वाटायलंय इवाई." मला तिच्यात बसायची भीती वाटायची, आणि आता मलाही करमत नाही.

परवा माझी जुनी गाडी घेऊन मुलीला भेटायला निघालो होतो. लोह्याच्या पुढं समोरून एक स्कूटर आली, मागं दोन जादा चाकं बसवलेली. चालवत होता अर्धापूरचा पाव्हणा. बाजाराच्या दिवशी दुकान बायकोवर सोडून तो एवढ्या लांबून इवायांना फिरवायला येतो. आणि मागं बसले होते आमचे इवाई, दोन्ही हात मोकळे! डाव्या अंगाला रामराम, उजव्या अंगाला रामराम, बांधावर, टपरीवर, म्हशीमागच्या माणसाला, दोन्ही हातांनी, बिनघोर. पाव्हणा मान न वळवता सरळ रस्त्याकडं बघत होता. इवायांनी माझी गाडी ओळखली. दोन्ही हात वर गेले, "इवाई, रामराम!" असा आवाज सगळ्या शिवारात घुमला.

आणि माझं काय झालं कोण जाणे. ज्या माणसानं जन्मात स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं नाही, त्याचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. गाडी सरकली आणि रस्त्याकडेच्या बाभळीला खरकन घासली.

स्कूटर थांबली. इवाई धावत आले, मला कुठं लागलं नाही हे आधी पाहिलं, मग दारावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवत उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. म्हणाले, "चला, बाभळ कुनाची हाय बगू. त्याच्या घरी आता चहा घ्यावाच लागंल."

घेतला. माणूस चांगला निघाला, पुढच्या महिन्यात त्याच्याकडं लग्न आहे, आम्हाला बोलावणं आहे. ओरखडा अजून तसाच आहे. कंपनीला मी कळवलेलं नाही.