वैरागचं चौथं चाक

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आत्याच्या रेसच्या गाडीला ती काळी लोखंडी चाकं का आहेत, आणि मागच्या पडवीतली तीन चकचकीत चाकं कोणाची? आत्यानं "चौथं मिळेना" एवढंच सांगून विषय बदलला. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. तुम्ही आता मोठे झालात, तेव्हा सगळं सांगायला हरकत नसावी. फोनवर तुमच्या आजीला हे नीट सांगता येणार नाही. लिहिलं की गोष्टी क्रमानं येतात.

आत्याची गाडी तुम्ही पाहिली आहे. जुनी, छोटी, आतून खरवडून काढलेली. मागची सीट नाही, गालिचा नाही, एसी नाही. वर्षातून दोन-तीनदा आत्या ती टेम्पोत चढवून चेन्नईकडच्या ट्रॅकवर नेते आणि दिवसभर गोल-गोल पळवून परत आणते. ह्यात तिला काय मिळतं ते मी विचारायचं सोडून दिलं आहे. पण चाकं हलकी का लागतात ते तिनं मला समजावलं होतं. पाठीवरच्या ओझ्यानं माणूस जेवढा दमत नाही, तेवढा जड चपलेनं दमतो. चाकाचं तसंच.

परदेशी हलकी चाकं गाडीपेक्षा महाग. इथल्या दुकानातली स्वस्त चाकं दिसायला नाजूक, उचलली की लोखंडाहून जड. तुमच्याकडे येताना बॅगांचं वजन करायला मी हुकाचा काटा घेतला होता, तो तिनं केव्हाच पळवला होता. सोलापुरातल्या सगळ्या गॅरेजांत ती तो काटा घेऊन हिंडली. दुकानदार हसायचे. "मॅडम, चाक हाय का कांदा?" एकजण म्हणाला. ती हसली नाही.

मग एक दिवस फोनवर जाहिरात दिसली. चार चाकं, परदेशी बनावटीची, तिला हव्या त्याच मापाची, आणि किंमत तिच्या आवाक्यातली. पत्ता वैरागचा.

मी सोबत गेले. परक्या घरी मुलीनं एकटीनं जाऊ नये हा माझा जुना नियम आहे, आणि ती चाळिशीला आली म्हणून मी तो बदललेला नाही.

भर दुपारी पोहोचलो. उन्हामुळे गल्लीतली दारं बंद होती, कुत्रीसुद्धा गटारीच्या सावलीत. घर साधं, स्लॅबचं, पुढं लांब ओसरी. दारात साठीचे गृहस्थ उभे होते. जाहिरात त्यांनीच दिली होती. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "चाकं आमच्या पोराची. बार्शी रस्त्याला गाडी उलटली, त्यातच ग्येला. गाडी भंगारात घातली, चाकं हिनं ठिवून घेतली. तुमी घिऊन जावा. पण हिला इचारावं लागतंय."

ओसरीच्या कोपऱ्यात पाट मांडले होते, आणि पाटांवर चाकं. टायर नसलेली, नुसती रिमं. आपण खंडेनवमीला अवजारांची, गाड्यांची पूजा करतो, ते तुम्हाला आठवत असेल. ही चाकं खंडेनवमीची वाट बघत नव्हती. त्यांच्यावर रोजची हळद होती, रोजचं कुंकू. पुटं चढली होती. ताजी शेवंती प्रत्येकावर. वर भिंतीत छातीइतक्या उंचीवर एक लोखंडी हब, म्हणजे चाक अडकवायचा फिरता कणा, पक्का बसवलेला होता. मुलानंच बसवला होता, चाकाचा तोल बघायला.

आतून त्या बाई आल्या. माझ्याच वयाच्या, किंवा दिसत होत्या तशा. नऊवारी स्वच्छ, केस चापून बसवलेले. माझ्याकडे बघून हात जोडले आणि आत्याला म्हणाल्या, "पोरी, तू चालवतीस व्हय गाडी? लई जोरात?"

"ट्रॅकवर चालवते, मावशी. रस्त्यावर नाही."

"त्यालाबी तितंच जायचं व्हतं."

मग त्यांनी पहिलं चाक उचललं. आम्ही मदतीला उठलो, त्यांनी मान हलवली. सहज उचललं त्यांनी, रोज उचलत असल्यासारखं, आणि हबवर चढवलं. कपाळ चाकाला टेकवलं आणि म्हणाल्या, "जायाचं का रं हिच्याबरुबर?" मग फिरवलं.

कौल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. आपल्याकडे काही देवळांत देवाला प्रश्न विचारतात. मूर्तीवर फुलं चिकटवतात आणि कुठलं फूल आधी पडतं त्यावरून हो की नाही ते समजतात. त्या बाई चाकाला कौल लावत होत्या. हवा भरायचं भोक वर थांबलं तर हो, खाली थांबलं तर नाही, आडवं थांबलं तर पुन्हा विचारायचं.

चाक बराच वेळ फिरत राहिलं. एकसारखा, बारीक, ओठ मिटून गुणगुणावं तसा आवाज. त्या डोळे मिटून उभ्या होत्या. गृहस्थ जमिनीकडे बघत होते. भोक वर थांबलं. दुसरं वर. तिसरं आडवं राहिलं, मग वर. आत्याचा आनंद मला तिच्या पाठीवरूनही दिसत होता. बाई बाहेर यायच्या आधीच काट्याला लावून तिनं वजन बघितलं होतं, फिरताना चाक लडबडतं का ते आता बघत होती. चारही हलकी, फिरलेली तिन्ही गोल.

चौथं चाक खाली थांबलं.

"पुन्हा लावा की," आत्या म्हणाली.

बाईंनी पुन्हा लावलं. ते आधी मंद झालं, मग जरा मागं आलं, पुढं गेलं, पुन्हा मागं आलं, आणि भोक अगदी तळाशी येऊन थांबलं. कुणी मान हलवून नको म्हणावं, तसं. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती.

"हे न्हाईच म्हणतंय," गृहस्थ म्हणाले. "आधी दोघं-तिघं आलते. हितंच अडतंय."

"बाकीची तीन द्या मग," मी म्हणाले.

"भावंडं हायती," बाई म्हणाल्या. "तोडून देत न्हाय." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आत्या माझ्या कानाशी आली. "आई, त्यात काही नाही. भोकाकडची बाजू थोडी जड आहे, म्हणून ती खाली येते. वजनाचा मामला." चाकाचा तोल साधायला शिशाचे चिकटपट्टीचे तुकडे असतात. ते तिच्या पिशवीत होतेच. मी काही बोलायच्या आत तिनं एक तुकडा, मग अजून एक, भोकाच्या समोरच्या बाजूला, रिमच्या आतून दाबून बसवला. मी गृहस्थांकडे बघितलं. त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं.

चहा झाल्यावर आत्या म्हणाली, "मावशी, शेवटचं एकदा?"

बाईंनी कपाळ टेकवलं. या वेळी प्रश्न मोठ्यानं विचारला नाही. चाक फिरलं, मंद झालं, आणि भोक वर येऊन थांबलं.

त्या चाकाकडे पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग एकदम हसल्या. इतक्या मोकळ्या, की मला ते हसू आवडलं नाही. आत्याला पाटावर बसवून कुंकू लावलं, खण-नारळ दिला, गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "लई गुणाची हाय पोर," मला म्हणाल्या. चाकं गाडीत ठेवताना गृहस्थांनी एकदाही आमच्या डोळ्यांत बघितलं नाही. बाई मात्र गल्लीच्या वळणापर्यंत हात हलवत होत्या.

घरी आल्यावर आत्यानं चाकं मागच्या अंगणात धुवायला काढली. हळद-कुंकवाची पुटं निघता निघेनात. लाल पाणी मोरीकडे वाहत होतं, आणि मी ते झाडूनं लोटत होते, कारण फरशीला डाग पडला असता. तीन चाकं स्वच्छ झाल्यावर तिनं प्रत्येकाला पान्याचा हलका ठोका दिला. देवळातल्या घंटेसारखी वाजली. चौथ्याला ठोका दिला. ते वाजलं नाही. ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा आवाज आला.

आत्या खाली बसली. आतल्या बाजूला थिनरचा बोळा फिरवायला लागली. कुंकवाखालचा रंग निघाला, आणि रंगाखाली भोकाजवळून पार कडेपर्यंत गेलेली जोडाची रेघ दिसली. बोटभर रुंद, खडबडीत. जोडाच्या धातूचंच ते जादा वजन होतं. आणि जोडाच्या कडेनं केसासारखी नवी चीर पुढं सरकली होती.

"हे वळणावर फुटलं असतं," ती म्हणाली. पान्याचा हात तिनं खाली ठेवला नव्हता. "पहिल्याच नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत."

मी तिला उठवून आत नेलं आणि साखर-पाणी दिलं.

परत वैरागला गेलो ते मी म्हटलं म्हणून. मला वाटत होतं, त्या माणसांना हे ठाऊक नसणार, आणि उद्या दुसऱ्या कुणाला असंच काही देऊन बसतील. आत्यानं ते चाक ओसरीवर ठेवलं. पाटांची जागा रिकामी होती, हळदीच्या गोल खुणा तेवढ्या होत्या.

"मावशी, हे चाक तुटलेलं होतं. कुणीतरी जोडलंय."

"व्हय," बाई म्हणाल्या. "बार्शीत जोडून घेतलं. भंगलेली वस्तू पूजेला चालत न्हाय. जोडून, रंगवून आणलं, मंग पाटावर ठिवलं."

हे मला लगेच कळलं. खंडित मूर्ती आपण देव्हाऱ्यात ठेवत नाही, तडा गेलेला कलश मांडत नाही. त्यांनी ते चाक देवापुरतं दुरुस्त केलं होतं. रस्त्याचा विचार त्या दुरुस्तीत नव्हताच.

"पण विकताना सांगायचं नाही का?" माझा आवाज चढला.

"त्यानं सांगितलं की," त्या शांतपणे म्हणाल्या. "न्हाय म्हणला, न्हाय म्हणला. तुमीच शिसं लावून त्येचं तोंड फिरवलं."

आत्या पांढरीफटक पडली. "तुम्ही बघितलं?"

"आतल्या खिडकीतनं. चहा गाळत व्हते."

"मग थांबवलं का नाहीत?" हे मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. मी राग किंवा लाज शोधत होते. तसं काही त्या चेहऱ्यावर नव्हतं. कुणी साधा प्रश्न विचारावा आणि आपण खरं उत्तर आठवावं, तशा त्या बोलल्या. "तो तितं एकलाच हाय की वो. ही पोर बी त्याच्याच येडाची. म्हटलं, बोलायला हुईल."

गृहस्थांनी तोंडावर उपरणं घेतलं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"तुमाला लेकरं किती?" त्यांनी मला विचारलं.

"दोन. हिचा भाऊ परदेशी असतो."

"दोन," त्या म्हणाल्या, आणि मान हलवली. बाजारात एखादीच्या टोपलीत अजून बरंच शिल्लक दिसावं, तशी.

मी आत्याचा हात धरून उठले. गृहस्थ चाक आत न्यायला वाकले, तर बाईंनी त्यांना अडवलं. "दिलेलं माघारी घेत न्हाय. ते आता हिचं हाय." म्हणून ते आम्हाला परत आणावं लागलं. सबंध रस्ता आत्यानं गाडी इतकी हळू चालवली, की मागून येणारे उसाचे ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न देत पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ग्राइंडर आणला आणि त्या चाकाचे तुकडे केले. भंगारात अख्खं दिलं असतं, तर कुणीतरी पुन्हा रंगवून विकलं असतं. तिला ठिणग्यांपासून दूर राहा म्हणत मी दारात उभी होते. शेवटचा तुकडा सुटेपर्यंत मी आत गेले नाही.

पुढच्या ट्रॅकला आत्या ती जुनी लोखंडी चाकं लावूनच गेली. जाऊ नकोस, असं मी म्हणाले नाही. म्हणावंसं फार वाटलं. पण आपल्या भीतीपायी पोरीला घरात बसवायचं, तर मग त्या बाईत आणि माझ्यात फरक काय, असं काहीतरी माझ्या मनात होतं. आजही ते मला नीट मांडता येत नाही.

ती ट्रॅकवर होती त्या दुपारी माझा फोन वाजला. वैरागहून. पहिल्या भेटीतच बाईंनी माझा नंबर घेऊन ठेवला होता.

"पोर तितं हाय न्हवं?" बाईंनी विचारलं.

मी तारीख त्यांना सांगितली नव्हती. आत्यानंही नाही, नंतर मी तिला दोनदा विचारलं. "आहे," मी म्हणाले.

"कंची चाकं लावली?"

"लोखंडी."

मी फोन ठेवला नाही. त्यांनीही नाही. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, माझा त्यांना जात असणार. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. भात लावला होता तो करपला, वास येत होता, तरी मी गॅसपर्यंत गेले नाही. मग फोनमध्ये टूंटूं झालं. मधेच दुसरा फोन येत होता, आत्याचा. मी तो उचलला. तिचा आवाज उन्हानं आणि ओरडण्यानं बसला होता. "आई, झालं. आले बाहेर. लई हळू, पण झालं."

मी पुन्हा वैरागच्या फोनवर गेले आणि सांगितलं, "आली. सुखरूप आली."

"आली?" त्या म्हणाल्या. आणि रडायला लागल्या.

ते रडू कसलं होतं, सुटल्याचं की हुकल्याचं, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. त्या थांबेपर्यंत फोन कानाला धरून बसले.