माझ्या अक्षरातली माफी

"तिथंच उभी राहा. खळीचा वास येतो तुझ्या हातांना."

वकीलसाहेब हे अगदी सहज बोलले. प्रताप नगरातल्या त्यांच्या कचेरीत मी उंबऱ्याशीच थांबले. बाबा चपलांच्या शेजारी, फरशीवर बसले. पहाटे आम्ही ताण्याच्या उभ्या सुतांना खळ पाजली होती. तांदळाचा तो आंबट वास माझ्या नखांत वाळला होता. अपमान झाला हे कळत होते. वाटत मात्र काहीच नव्हते. हात लाकडाचे झाले होते.

पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्याकडे मी आमच्या मागावर विणलेली लुगडी पोचवायला गेले होते. त्याने माझे मनगट धरले. हिसडा देऊन मी बाहेर पडले. चार दिवसांनी कळले: मी रेशमाच्या लड्या चोरल्याची फिर्याद तिथल्या ठाण्यात नोंदली गेली आहे.

अटकेआधीच जामीन मागता येईल असा नवा कायदा आल्याचे मी वाचले होते. तेवढेच मागायला आलो होतो.

"गुन्हा मध्य प्रदेशातला. जामीन छिंदवाड्याचं कोर्ट देईल, इथलं नाही."

"पण साहेब, पोरगी तिथवर पोचनच कशी?" बाबा म्हणाले. "पोलीस मोटारीतूनच उतरवतीन तिले."

"मग सरकारी गाडीनं पोचेल. तिकीटही लागणार नाही, अरे."

कारकून हसला. बाबाही हसले. भीतीने हसले. ते हसू माझ्या कानांतून अजून गेलेले नाही.

मग साहेबांनी टंकलेला एक मसुदा आणि कोरा कागद पुढे सरकवला.

"माफी लिहून दे. शेठजी ओळखीचे आहेत, फिर्याद मागे घेतील. कॉलेजात शिकलीस ना? अक्षर छान असेल तुझं."

पहिलेच वाक्य होते, 'मी लड्या चोरल्या.' मनगटाचा उल्लेख कुठेही नव्हता. मी मसुदा पुन्हा वाचला. तो आम्ही येण्याआधीच टंकलेला होता.

उंबरा ओलांडून मी टेबलाशी गेले. त्यांचेच पेन उचलले. कोऱ्या कागदावर लिहिले, 'सत्र न्यायाधीश, छिंदवाडा, यांस.' खाली व्यापाऱ्याचे नाव. त्याखाली त्याने धरलेल्या माझ्या मनगटाची हकिकत.

"काय लिहून राहिली वं?" बाबांनी विचारले.

"जे झालं तेच, बाबा."

दुसऱ्या सकाळी मी छिंदवाड्याच्या मोटारीत बसले. हातांचा वास मुद्दाम धुतला नव्हता. सावनेर मागे पडले. सीमेच्या नाक्यावर गाडी थांबली आणि दारातून खाकी कपडे चढले. मी जामिनाचा तो अर्ज बाहेर काढून हातात धरला. उतरवले तर चालत जाईन. बेड्या घातल्या तर बेड्यांसकट त्या न्यायालयात उभी राहीन. माफी मात्र कोणत्याही राज्यात लिहिणार नाही.