डाव्या हाताचा अँटिना

मी डावखुरा आहे आणि माझ्या बायकोला त्याचं भारी कौतुक. लग्न होऊन उज्जैनहून आली तेव्हा तिने पाहिलं, की डाव्या हाताने जेवतो म्हणून घरात जो तो मला टोकतो. तेव्हापासून माझ्या डाव्या हाताची वकिली तिच्याकडे आहे. त्यामुळे माझ्या ड्रोनचा मोडलेला अँटिना बदलून आणायला ती गेली आणि दुकानदाराने विचारलं, "सीधे हाथ का दूँ या उल्टे हाथ का?" तेव्हा तिला विचार करायची गरजच पडली नाही.

"उल्टे हाथ का," ती म्हणाली. "हमारे ये सब काम उल्टे हाथ से ही करते हैं."

दुकानदाराने डाव्या हाताचा काढून दिला. हे सगळं मला नंतर कळलं.

या ड्रोनमध्ये दोन रेडिओ असतात. एक माझ्या रिमोटचे हुकूम वर नेतो, दुसरा कॅमेऱ्यातलं चित्र माझ्या चष्म्यात आणतो. चष्मा म्हणायचं एवढंच, तो डोळ्यांवर बांधलेला डबाच असतो. एकदा चढवला की ड्रोनला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, बाकी अंधार. चित्राची लहर अँटिनातून पीळ घेत निघते, काहींची उजवीकडे, काहींची डावीकडे. ड्रोनवरचा आणि चष्म्यावरचा पीळ एकच हवा. माझा जन्म कारखान्यात नट-बोल्टांत गेला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: डाव्या आट्याच्या बोल्टवर उजव्या आट्याचा नट चढत नाही. पण नट निदान लगेच तोंडावर सांगतो. अँटिना जवळ असेपर्यंत सगळं ठीक असल्याचं सोंग आणतो आणि लांब गेल्यावर दगा देतो. अवधपुरीच्या आमच्या गच्चीवर मी नवा अँटिना लावून पाहिला तेव्हा चित्र अगदी स्वच्छ होतं. दोन्ही अँटिने दिसायला सारखेच, काळ्या बटणासारखे. चष्म्यावरचा उजव्या पिळाचा होता.

मी मुळात भित्रा माणूस. ड्रोन पंजाएवढाच, पण त्याच्या पात्यांनी एकदा माझा अंगठा हाडापर्यंत कापला होता. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसं माझं झालं. बरखेड्याचं मोठं मैदान, तेही थंडीत रविवारी सकाळी, पोरं क्रिकेटला यायच्या आत, एवढ्यातच मी उडवायचो. बायको सोबत यायची. माझ्या खुर्चीशेजारी बसायची आणि कोणी आलं तर सांगायची.

त्या रविवारीही ती शेजारीच होती. मी चष्मा चढवला, ड्रोन वर नेला. पलीकडच्या गोलपोस्टपर्यंत जाऊन वळायचं, रोजचंच. एवढ्यात आमच्या मुलीचा फोन आला असावा. फोन कानाला लागला की हिचे पाय चालू होतात, ही जुनी सवय. चालत चालत ती कुठे गेली ते मला कळलं नाही. मी डब्यात होतो.

गोलपोस्ट जवळ आला तसे चित्रात पांढरे पट्टे येऊ लागले. मी ड्रोन परत वळवला, खाली आणला, आणि समोर एक केशरी शाल दिसली. ती शाल मी ओळखली. तिने वर पाहिलं, हात हलवला. मग चित्र फाटलं आणि डोळ्यांसमोर नुसती खरखर उरली.

ड्रोन माझं ऐकत होता, पण मला काहीच दिसत नव्हतं. वर न्यावा तर कुठे आहे ते माहीत नाही, डावीकडे न्यावा तर ती डावीकडे असली तर? तो अंगठा मला आठवला, आणि मग तिचा चेहरा. मी चष्मा ओढून काढला. उन्हाने डोळे दिपले. ती लांब दिसली, पण ड्रोन दिसेना. नुसता आवाज येत होता, माशी कानाजवळ घोंघावते तसा, आणि तो तिच्या बाजूनेच येत होता.

"बस! खाली बस!" मी ओरडलो. ती हात हलवतच उभी राहिली.

मी मोटर बंद करायचं बटण दाबलं. आवाज एकदम थांबला. आता ड्रोन दगडासारखा पडणार होता आणि कुणावर ते माझ्या हातात नव्हतं. मी देवाचं नाव घेतलं नाही. मला काही सुचलंच नाही.

ती पडली नाही. मी धावत पोचलो तेव्हा तिच्या मागे, चार पावलांवर, ड्रोन गवतात उलटा पडला होता. तिच्या शालीच्या टोकाला एक लांब चीर गेली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

मी संतापलो. भीती वाटली की मला आधी रागच येतो. "अक्कल आहे का तुला? बाजूला का नाही झालीस?"

"अहो, ओरडता कशाला?" ती म्हणाली. "जवळ येत होता तो, मी पाहिलं ना. पण तुम्ही चष्म्यातून बघत होता. मला वाटलं, मी हलले तर उगाच तुमची गडबड होईल. म्हणून तर एका जागी उभी राहिले."

मी तिच्या शालीची चीर मुठीत धरली आणि तिथेच गवतात बसलो.

"चष्म्यातून बरी दिसत होते ना मी?" तिने विचारलं.